भिंतीवरची माझी जागा

भिजवलेल्या चुन्याचा वास आला, की पन्नासच्या दशकातली आमची जऊळक्याची ओसरी आठवते. पलटणीतून परतलेल्या काकांनी तिथल्या भिंतीवर आपली तुकडी रंगवली होती. शेजारी नांगर धरलेले आजोबा आणि त्यांच्या खांद्यावर माझी धाकटी बहीण. मी कुठेच नव्हते. "मले काहून नाही काढलं, काका?" "तू एका जागी थांबतं कुठं व माय, सदा कामात!" ते हसले. पोळ्याआधी भिंतींना चुना लावायचं काम माझंच होतं. मी सरळ चित्रातल्या बहिणीच्या तोंडावरून कुंचा फिरवला. काका रागावले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा काढलं आणि खाली, हातात कुंचा घेतलेल्या मलाही. आजही रंगकामाच्या माझ्या यादीत पहिली ओळ असते: ओसरीची भिंत वगळणे. तिथं ती अजून आजोबांच्या खांद्यावर आहे, आणि मी कामात.