खरखर बंद करून जा

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे 'आधी तुमचा रेडिओ बारीक करा.' लग्नातल्या उखाण्यापासून पोरांना घातलेल्या शिव्यांपर्यंत सगळं जमेस धरलं तरी या वाक्याची बरोबरी होणार नाही.

जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर मी बोलते. छोट्या म्हणजे गच्चीवर एक मनोरा, खाली दोन खोल्या, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेला फोम, जो आमच्यापेक्षा उंदरांना जास्त आवडतो. आमचं प्रक्षेपण अंबडच्या आसपासच्या गावांत पोचतं आणि एखादं टेकाड आडवं आलं की तिथेच बसकण मारतं. माझं सासर अंबडचं, मारवाडी, कित्येक पिढ्यांचं भुसार मालाचं दुकान. सून रेडिओवर बोलायला जाते म्हटल्यावर सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी कमी पडत होतं का?"

दर बुधवारी दुपारी माझा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम असतो. लोक फोन करतात, प्रश्न विचारतात, मी जमेल तशी उत्तरं देते. मूळ कल्पना अशी होती की लोक खतं, लसीकरण, सरकारी योजना असलं काही विचारतील. लोकांनी योजनांना हातही लावला नाही. त्यांना रेडिओबद्दलच विचारायचं होतं. म्हणून मी आमच्या तंत्रज्ञाच्या मागे लागून रेडिओचं शास्त्र शिकले. तोही बिचारा पुस्तकात बघूनच सांगायचा.

एकाने विचारलं, मोबाईलवर रेडिओ ऐकायला कानात वायर का खुपसावी लागते? मी म्हटलं, ती वायरच अँटेनाचं काम करते, वायर नसेल तर मोबाईलला लहरी पकडता येत नाहीत. तो म्हणाला, "मंग वायर नुसती लोंबू दिली, कानात न्हाई घातली, तर चालंल का?" चालेल म्हटलं. "मंग इतके दिवस कान कशाला दुखवून घेतले!" असं म्हणून त्याने फोन आपटला. जणू मीच त्याच्या कानात वायर घातली होती.

दुसरे एक गृहस्थ आष्टीच्या बाजाराला जाऊन आले आणि भांडायलाच बसले. "आष्टीत तुम्ही लागतच न्हाई." मी समजावलं की एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आमची ताकदही थोडी, आष्टी फार लांब पडतं. ते म्हणाले, "मंग जरा जोरात बोला की." पिंपळगाव रेणुकाईचा एक जण आम्हाला इंटरनेटवर ऐकतो. त्याचा प्रश्न असा, की अंबडचा त्याचा साडू रेडिओवर ऐकतो आणि फोनवर बोलताना साडू आधी हसतो, याला हसू मागून येतं, हे काय गौडबंगाल? इंटरनेटवरून आवाज तुकड्यातुकड्यांनी, साठत साठत येतो, म्हणून उशीर होतो, असं मी सांगितलं. तो हिरमुसला. "म्हंजी साडूला ताजा विनोद अन् मला शिळा," म्हणाला.

तुमच्या टॉवरमुळे पाऊस पळतो का, हा प्रश्न तर दरवर्षी येतो. आमच्या टॉवरात ढग पळवायची ताकद असती तर आम्ही आधी आष्टीला पोचलो नसतो का, एवढंच मी विचारते.

आता रेडिओ बारीक करण्याचं. फोन करणाऱ्याच्या शेजारी रेडिओ मोठ्याने चालू असला की त्याच रेडिओचा आवाज फोनमधून आमच्याकडे येतो, आमच्याकडून मनोऱ्यावर जातो, मनोऱ्यावरून परत त्याच्या रेडिओत. असा तो गोल गोल फिरत राहतो आणि त्याची कानठळ्या बसवणारी शिट्टी होते. म्हणून फोन करताना रेडिओ बारीक करायचा असतो. साधी गोष्ट आहे, पण आमच्या भागात ती कोणी करत नाही. कारण फोन लागला की आधी गल्लीला वर्दी जाते. शेजारीपाजारी, पाहुणेरावळे सगळे त्याच रेडिओभोवती जमतात, आपल्या माणसाचा आवाज रेडिओतून ऐकायला. ज्याच्यासाठी फोन केला तो रेडिओच बारीक करायचा म्हणजे सगळ्यांसमोर नाक कापून घेणं. मग आख्खी गल्ली शिट्टी ऐकते आणि दुसऱ्या दिवशी 'काय झकास बोललास' म्हणून त्याची पाठ थोपटते.

या सगळ्यात एकच माणूस न सांगता रेडिओ बारीक करायचा. अंकुशनगरचे एक काका. साखर कारखान्याच्या टाईम ऑफिसात जन्म घालवून निवृत्त झालेले. हजेरीवर नजर ठेवायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती, आणि आता कामगार उरले नव्हते म्हणून ती नजर माझ्यावर होती. बुधवारी पहिला फोन त्यांचाच. "ओ बाई, तुम्ही तीन वाजले म्हनता तव्हा तीन वाजून गेल्याले असतात." "ओ बाई, काल सकाळी तुमचं टेशन उशिरा सुरू झालं." "ओ बाई, तुमच्या टेशनचा पोरगा बातम्या वाचताना जांभई देतो." आम्ही सकाळी सुरू झालो की त्यांचा रेडिओ सुरू आणि रात्री बंद झालो की बंद. कौतुकासाठी ऐकत असतील असा माझा मुळीच गैरसमज नव्हता. चुका सापडाव्यात म्हणून ऐकत होते. डोक्याला निव्वळ ताप.

उसाच्या हंगामात त्यांचे फोन बंद झाले. मी एक बुधवार वाट पाहिली, दुसऱ्या बुधवारी चक्क सुटल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या बुधवारपर्यंत मी त्यांना विसरूनही गेले.

मग एका बुधवारी एक बाई फोनवर आल्या. आल्या त्या शिट्टी घेऊनच.

"मावशी, आधी तुमचा रेडिओ बारीक करा."

"ते जमायचं न्हाई, ताई. माझं ऐका जल्दी. तुम्ही रात्री घरी जाता तव्हा ती खरखर चालू ठेवून जाता. ती बंद करून जात जा."

मी हसले. अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं हसले. मग पढवलेल्या पोपटासारखं उत्तर दिलं. मावशी, ती खरखर आमची नाही. रात्री आम्ही यंत्र बंद केलं की तुमच्या रेडिओला पकडायला काही उरत नाही. मग तो हवेत जे काय बारीकसारीक सापडेल ते मोठं करून ऐकवतो. झोपताना तुमचाच रेडिओ बंद करा, खरखरही बंद.

"तेच तर होऊन न्हाई राह्यलं," बाई म्हणाल्या. "आमच्या मालकानं चालू केला अन् गेले. त्यांच्या हातानं चालू झाल्याला, मी कसा बंद करू?"

 मी एक गाणं लावलं आणि फोन कार्यक्रमातून काढून माझ्या कानाला लावला. बोलता बोलता कळलं की या अंकुशनगरच्याच, टाईम ऑफिसवाल्या काकांच्या बायको. काकांनी एका सकाळी नेहमीप्रमाणे रेडिओ लावला, खुर्चीत बसले, चहा आणेपर्यंत गेले. रेडिओला घरात दुसऱ्या कोणी कधी हात लावला नव्हता, लावू दिलाच नव्हता. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले. रेडिओ तेव्हापासून चालूच होता. लाईट जाऊन तरी बंद पडावा, तर मुलाने आईला अंधारात बसावं लागू नये म्हणून इन्व्हर्टर बसवून दिलेला.

"पोरगा म्हनतो प्लग काढून टाक. म्हटलं, हात तर लावून बघ. तो गेला पुन्याला, त्याला काय. मला झोप न्हाई, ताई. बिलकुल न्हाई."

"मग मावशी, तुम्हीच एकदा मन घट्ट करून..."

"दिवसा तो बोलून राह्यलेला असतो. बोलनाऱ्याला मधीच कसं गप करावं? अन् रात्री तुमची ती खरखर. वाटतं, हे घोरून राह्यले. घोरनाऱ्याला तरी कसं बंद करू?" मग त्या म्हणाल्या, "एकदा गप बसला असता तर केला असता मी बंद. पन गपच बसत न्हाई. त्यांच्यावानीच. तुम्हीच तिकडून आमच्या घरचा तेवढा बंद करा ना."

एका घरचा रेडिओ इकडून बंद करता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. आम्ही आवाज सोडतो, तो कोणाच्या घरात शिरतो आणि कोणाच्या नाही, ते आमच्या हातात नसतं. "मंग कसलं टेशन तुमचं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला हसू आलं नाही. काका गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि इथे ही बाई त्यांच्या रेडिओपायी रात्र रात्र जागत होती. 

तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, यंत्र बंद केलं की खरखर येणारच. पण यंत्र चालू ठेवून नुसतं बोलणं थांबवलं तर? तो विचार करून म्हणाला, तर काहीच येणार नाही. रेडिओला आपलं स्टेशन मिळत राहील, पण स्टेशनवर शांतता असेल. मग जरा घाबरून म्हणाला, "पण ताई, असं करत नसतात."

करत नसतात हे खरंच. रेडिओवर शांतता म्हणजे पाप. आमचे साहेब निवृत्त प्राचार्य आहेत, त्यांनी हा नियम पहिल्याच दिवशी आम्हाला घोकून घ्यायला लावला होता. क्षणभर आवाज थांबला तरी ते चहा टाकून धावत येतात, कारण लोकांना वाटतं स्टेशन मेलं. साहेबांना मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी समिती नेमली असती.

पुढच्या बुधवारी कार्यक्रमाआधी मावशींना माझ्या मोबाईलवरून फोन लावला. "मावशी, आज तो गप बसणार आहे. रेडिओजवळ जाऊन बसा आणि हा फोन ठेवू नका."  तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मोबाईलमधून त्यांच्या रेडिओवरचं गाणं ऐकू येत होतं, आमच्याचकडून गेलेलं.

गाणं संपलं. मी माईकवर म्हटलं, "मंडळी, आजचा प्रश्न आपण करून बघायचा. आम्ही काहीच बोललो नाही तर तुमच्या रेडिओतून काय ऐकू येतं? कान जवळ न्या. स्टेशन बंद पडलेलं नाही, फोन करू नका." मग आवाज वरखाली करायची पट्टी, आम्ही तिला फेडर म्हणतो, ती खाली ओढून ठेवली. 

आमच्या खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज उरला नाही. मोबाईलमधून येणारा त्यांच्या रेडिओचा आवाजही थांबला. खरखर नाही, शिट्टी नाही. मावशींच्या घराजवळच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तो तेवढा ऐकू आला. एवढं बजावूनही टेबलावरचा स्टेशनचा फोन वाजायला लागला. काचेपलीकडे साहेब धावत आले, त्यांच्या हातात चहाचा कप तसाच होता. ते काचेवर टकटक करत होते आणि मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते.

 मला वाटलं, मावशी उठून गेल्या की काय. मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"झालं का बोलून समदं?" त्या म्हणाल्या. उत्तराची वाट पाहावी तशा थांबल्या. "बरं. बसा आता निवांत."

खट्‌ असा आवाज आला.

"मावशी?" मी हळूच विचारलं.

"बंद केला, ताई." "इतक्या गोंगाटात रडता बी येत नव्हतं बघा. आता रडून घेते जरा. ठेवा तुम्ही फोन."

मी फोन ठेवला. साहेब दार ढकलून आत आले होते आणि खुणेने फेडर वर कर, वर कर म्हणत होते. तो मी आणखी थोडा वेळ खालीच राहू दिला.