बोर्डावरच्या गोदूबाई

गोदूबाई, तुमच्याकडे मालिशला आले आणि आखडलेला खांदा तसाच घेऊन परत गेले, हे तुम्हाला सांगायलाच हवं. उगाच 'छान वाटलं' म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये आमच्या घरासमोरच तुमचा बोर्ड लागला. त्यावर तुमचा फोटो, नाकात नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू, खाली 'गोदूबाईंची पारंपरिक मालिश'. तुमच्या राई गावातल्या कितीतरी बाळंतिणी तुमच्या हाताखालून गेल्यात हे ऐकून होते. मला धड केस विंचरता येत नव्हते. म्हटलं, हीच बाई.

आत तुमच्या सुनेनं, पार्लर चालवणाऱ्या स्नेहलनं, मला अरुंद टेबलावर पालथं पाडलं. तोंड एका भोकात, हात टॉवेलखाली घट्ट खोचलेले. मला दिसत होती फक्त फरशी आणि तुमच्या गुलाबी सपाता. आणि तुम्ही शोकेसमधल्या बाहुलीची धूळ पुसावी तसा पाठीवरून हात फिरवत होता.

"जोर लावा की जरा. मी काही काचेची नाही."

"जोर न्हाय लावायचा, ताई. एका मॅडमच्या पाठीवर वळ उठले, तवापासून सुनेनं बंद केलंय. नुसता हात फिरवायचा."

"मग तुम्हाला ठेवलंय कशाला?"

"बोर्डावर तोंड माजं हाय ना. लोक आत आले की पैले मलाच शोधतात."

मग खाली वाकून, हळू आवाजात तुम्ही गिरिजाचं सांगितलंत. लेक राईतच दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण राईचं घर विकून मुलानं इथे फ्लॅट घेतला, आणि दोन खोल्यांत जमणार नाही म्हणून सुनेनं हात वर केले. आता बाळाला कोणी परकी बाई न्हाऊ घालते.

"गावची पोरं न्हाऊ घातली मी. माज्या नातवाला माजा हात न्हाय लागला. सव्वा महिना सरला की संपलंच ते."

"मग उठा आणि जा. राई काय परदेशात आहे?"

"जाऊन परत हितंच यायचं हाय ना, ताई. सून बोलायची बंद झाली की पोरगा पन बंद."

भोकात तोंड घालून पडलेल्या बाईनं दुसऱ्याला शौर्य शिकवू नये. तरी उठताना मी ठरवून टाकलं आणि तुमच्या कानात सांगितलं: गुरुवारी दुपारी स्नेहल सामान आणायला भाईंदरला जाते, तेव्हा मी खाली रिक्षा घेऊन उभी राहीन. बाळाला न्हाऊ घालायचं आणि ती यायच्या आत परत.

गुरुवारी तुम्ही खरंच जिना उतरलात, पदराखाली तेलाची बाटली धरून. समोरून बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या दोघी बायका वर येत होत्या. एकीनं बोर्डाकडे बघितलं, मग तुमच्याकडे.

"अरे, यही तो हैं. आंटी, आपके लिए ही आए हैं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आलेच ताई. यांना तसंच पाठवलं तर सुनेला कळंल," म्हणालात आणि त्यांच्या मागे जिना चढलात.

मी रिक्षात बसून राहिले. रिक्षावाला दोनदा म्हणाला, "जाना है क्या, आंटी?" तेवढ्यात स्नेहलची स्कूटर वळताना दिसली. तुम्ही वर काचेशी आलात आणि हातानं मला जा म्हणून खुणावलंत.

राईला जायचं राहिलंच. त्या रविवारी बाळाचा सव्वा महिना भरला.