पाच वाजताची गोळी

ही वही कुणी उघडली तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका असणार. शाळा चौथीपर्यंतच झाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी किती वाजता, जेवण किती वाजता हे लिहायला सांगितलं, म्हणून ही वही आणली. पुढची पानं कोरी राहिली, त्यांत हे लिहिते आहे.

मला रक्ताचा कॅन्सर आहे. त्याची गोळी पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, दोन्ही वेळा रिकाम्या पोटी. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. म्हणजे तीनपासून सहापर्यंत तोंड बंद. चाकणच्या कंपनीत मी ठेकेदाराकडून वायरींना टेप गुंडाळते. पहिली शिफ्ट करून पाचच्या आत खोलीवर येते, आणि नेमकं त्याच वेळी चाळीतल्या साऱ्याजणींना मला बोलावून चहा पाजायची हौस येते.

कॅन्सरचं कुणाला सांगायचं नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं. "खोली सोडायला लावतील. रक्त कमी आहे म्हणून सांग," तो म्हणाला. तसंच सांगितलं. मग चाळीतली प्रत्येक बाई मला धरून खायला घालू लागली. रक्त कमी आहे ना, मग खा.

मार्गशीर्षात घरमालकीण काकूंनी गुरुवारची सवाष्ण म्हणून बोलावलं. चारही गुरुवार. काकू इथल्याच गावच्या, त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नाही, माझी तर नाहीच. पाच सवाष्णींपैकी दोघींना रात्रपाळीची बस पकडायची असायची, म्हणून साडेपाचलाच पानं मांडायच्या. मी पाचला गोळी गिळायची आणि साडेपाचला पुरणपोळीवर तूप घ्यायची. वेळ चुकवायची की पोट रिकामं ठेवायचं, दोन्हींपैकी एक मोडायचंच होतं. वेळ चुकली तर आजार परत वर येईल असं मला वाटलं, म्हणून पोटाचं मोडलं. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं होतं. पण त्यांच्या दाराशी एवढी रांग असते की आत गेल्यावर मी नुसती मान हलवते.

पहिल्या गुरुवारी छातीत काहीतरी फडफडलं. दुसऱ्या गुरुवारी जिना चढताना ठोका थांबल्यासारखा झाला आणि मग एकदम चारपाच धावत आले. नवरा म्हणाला, "पित्त असेल." तिसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच झालं. चौथ्या गुरुवारी काकूंच्या उंबऱ्यावर ओटीचा नारळ हातात घेऊन उभी होते, तेवढं आठवतं. नंतर डोळे उघडले ते रिक्षात.

दवाखान्यात छातीला वायरी लावून टाकलं. दिवसभर मी कंपनीत वायरी गुंडाळते, इथे मलाच गुंडाळलं होतं. हृदयाचे डॉक्टर ईसीजीची पट्टी बघून म्हणाले, ठोका पडल्यावर हृदयाला परत तयार व्हायला फार वेळ लागतोय, हे या गोळीमुळे आहे, गोळी बंद करा. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या रक्तातला आजार याच गोळीने उतरलाय, दुसरी गोळी हिला लागू पडेल याची खात्री नाही. दोघं माझ्या पलंगाशी उभं राहून माझ्याबद्दल बोलत होते. मला एकच कळत होतं, गोळी गेली तर माझं काही खरं नाही. खरं काय झालं ते फक्त मला माहीत होतं, आणि मी पांघरुणाचा काठ चाळत पडले होते. अशा वेळी स्वतःचाच राग राग येतो.

तिसऱ्या दिवशी दुसरी गोळी लिहिलेला कागद आला. तेव्हा डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मी गोळीवर जेवत होते."

"काय?"

"पुरणपोळी. चार गुरुवार."

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "अहो बाई, पोटात अन्न असलं की ही गोळी रक्तात जास्त चढते. त्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी घेतली असती तर चाललं असतं. फोन करून विचारायचं ना."

मी मान हलवली.

आठवडाभर गोळी बंद ठेवली. मग पट्टी नीट आल्यावर तीच गोळी कमी करून सुरू केली. पुन्हा पुन्हा पट्टी काढायची, आणि वेळा या वहीत लिहायच्या.

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडलं होतं, तेव्हाच उरकून घेतलं. खोली जाईल म्हणून नवरा दारात घाम पुसत उभा. काकूंनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अगं येडे, तुला मागनं सात वाजता बसवली असती. देवी काय पळून चालली व्हती?" आणि नवऱ्याकडे वळल्या, "आन् तुमी, रक्त कमी हाय म्हनून सांगितलं व्हय? आमी बीट खाऊ घालून घालून दमलो की."

म्हणजे डॉक्टरीणबाई थांबल्या असत्या आणि काकूही थांबल्या असत्या. घाई एकट्या मलाच होती. यावर आजही कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

दवाखान्यात आधी भरायचे पैसे काकूंच्या बचत गटातून उचलले होते. दर महिन्याच्या बैठकीत हप्ता देत आले. बैठक साडेपाचची, आणि कपबश्या माझ्यापासूनच फिरवायला लागतात. पहिले दोन महिने मी चहा आला की उठून मोरीकडे जायचे. या बैठकीत उठले नाही.

"सहानंतर घेईन," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच झाला, सगळ्या बघायला लागल्या.

काकूंनी माझ्या कपावर बशी उपडी ठेवली. शेवटचा हप्ता मोजून घेतला, माझ्या पासबुकात सही केली आणि म्हणाल्या, "फिटलं सगळं."