पेडणेकरांकडचे चौथे लॉर्ड

अबू धाबीच्या खलिफा सिटीत आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्या व्हिलातल्या विनायक पेडणेकरांनी मला चहाला बोलावलं आणि हॉलच्या दारातच थांबवलं. आत पितळी खांबांना लाल दोर बांधला होता. "भाऊ, दोराच्या अलीकडून बघायचं," ते म्हणाले. मग लाकडी फूटपट्टी एकेका वस्तूकडे रोखत त्यांनी मला स्वतःच्याच घराची माहिती सांगितली. चहा आम्ही स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून घेतला. दोराच्या पलीकडे बसलेलं मी त्यांच्या घरातलं कुणीच कधी पाहिलं नाही.

पेडणेकर मूळचे कुडाळचे, आता तिकडेच परत गेले आहेत. तेव्हा मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. त्यांच्या एका अरबी गिऱ्हाइकाने इंग्लंडातल्या ब्रॅम्बलथॉर्प नावाच्या जुन्या हवेलीतलं सगळं सामान लिलावात घेतलं होतं. ते बोटीने येईपर्यंत त्याच्या बायकोचं मन पांढऱ्या इटालियन फर्निचरवर गेलं. "यल्ला, घेऊन जा," तो म्हणाला, आणि पेडणेकरांनी खरंच आणलं. सामानासोबत हवेलीचा इतिहास सांगणारं एक जाडजूड पुस्तक आलं. ते त्यांनी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचून काढलं आणि तिथून माणूस बदलला.

सामान हवेलीच्या मापाचं, व्हिला भाड्याचा. मी बांधकामांच्या मोजमापाची नोकरी करतो, त्यामुळे राहवलं नाही, टेप लावला. जेवणाचं टेबल एकवीस फूट, हॉल एकोणीस. उरलेले दोन फूट पॅसेजमध्ये येत आणि बाथरूमचं दार अर्धंच उघडे. अंगाने भरलेल्या पाहुण्यांना वहिनी आधीच आमच्याकडे पाठवून देत. पलंगाच्या खांबांसाठी छताच्या जिप्समला भोकं पाडली होती. संगमरवरी शेकोटीचं अबू धाबीत करायचं काय, म्हणून तिच्या पोटात एसी बसवला होता. भर जुलैत आम्ही तिच्याभोवती गोळा होऊन हात पुढे धरायचो, गार व्हायला. तेवढ्यापुरता दोर सोडला जाई.

टेबल थोडं कापा, असं मी एकदा सुचवलं. ते दुखावले. "आपण कोण कापणार? घर त्यांचं. आपण फक्त राखणदार." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाडेकरारावर नाव तुमचं आहे, हेही मी सांगून पाहिलं. "भाऊ, करार वेगळा, घराणं वेगळं. खलास."

घराणं म्हणजे भिंतीवरची सात तैलचित्रं. मधोमध चौथे लॉर्ड, गुबगुबीत, डोक्यावर पांढरा टोप, पायाशी कुत्रा. "माणूस कडक," पेडणेकर सांगत. "जेवताना खिडकीतून गाव दिसतं म्हणून अख्खं गाव हलवलं. तिथं तळं खणायला घेतलं आणि पाणी लागायच्या आत गेले." डोंबिवलीहून आलेल्या एका मावशींनी या लॉर्डना वहिनींचे सासरे समजून वाकून नमस्कार केला. पेडणेकरांनी त्यांना अडवलं नाही.

या सगळ्यात अडचण एका माणसाची होती. सुनंदावहिनींची आई गेली होती आणि तिचा फोटो त्यांना हॉलमध्ये लावायचा होता. जागा नाही, असं पेडणेकर म्हणत. जागा होती. चौथ्या लॉर्डच्या डावीकडे सव्वा फूट, मी मोजली होती. पण त्यांच्या मते सासूबाई घराण्याच्या क्रमात बसत नव्हत्या. म्हणून फोटो वॉशिंग मशीनवर भिंतीला टेकवून ठेवलेला असे. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मशीन स्पिनला लागलं की आई थरथरते. मी तिला धरून उभी राहते."

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला पेडणेकरांनी लॉर्डमंडळींचं पान वाढायला लावलं. त्यांच्या स्वतःच्या पितरांचं कुडाळला थोरले भाऊ करत, तेव्हा इकडे हे मोकळेच होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही माणसं गेलेली, आपल्या भिंतीवर आहेत, त्यांचं इथे करणारं दुसरं कुणी नाही. "राखणदाराने मालकाला उपाशी ठेवायचं?" यात चूक नेमकी कुठे आहे, ते मला आजही काढता येत नाही. वहिनींनी खीर केली, वडे तळले आणि बर दुबईहून आणलेल्या केळीच्या पानावर वाढून पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं.

कावळा समोरच्या डिश अँटेनावर बसला होता. तो येईना. साळुंक्या आल्या, त्यांना हाकललं. साळुंकी चालत नाही. ऊन असं की चपलेतून चटका बसत होता. "बाबा, इट्स जस्ट अ बर्ड," म्हणत त्यांची मुलगी आदिती खाली निघून गेली. पेडणेकरांनी हात जोडले आणि टेबलावर कधी गरम भांडं ठेवणार नाही, असं कबूल केलं. कावळा हलला नाही. मग शेकोटीतला एसी काढायचं कबूल केलं. आम्ही दचकलो, कावळा नाही. शेवटी त्यांना तळं आठवलं.

"अंगणात खणतो. म्युनिसिपालिटीची परमिशन काढतो, इन्शाल्ला."

कावळ्याने पाठ फिरवली.

पेडणेकरांचा चेहरा उतरला. "भाऊ, यांचं काय राहिलं असेल हो?" ते मला विचारू लागले.

वहिनींनी ओढणीने कपाळ पुसलं. "यांचं काही राहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अहो, माझ्या आईला त्या मशीनवरून उतरवा."

पेडणेकरांनी कावळ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "उतरवतो," ते म्हणाले.

कावळा आला आणि वडा उचलून गेला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. त्याला भूक लागली असेल.

फोटो त्याच संध्याकाळी लागला. पुढच्या रविवारी नवे पाहुणे आले, पेडणेकरांनी नेहमीप्रमाणे माहिती सुरू केली, सातही इंग्रज जन्ममृत्यूच्या सनांसकट पार पडले आणि फूटपट्टी फोटोकडे वळली. "या आमच्या सासूबाई. जन्म..." ते थांबले. "शिक्षण..." पुन्हा थांबले. मग त्यांनी फूटपट्टी वहिनींच्या हातात दिली आणि दोराच्या अलीकडे येऊन आमच्या रांगेत उभे राहिले.

वहिनी सांगू लागल्या. आई देवगडची. बालवाडी चालवायची. मुलं रडायला लागली की हीसुद्धा मोठ्याने रडायची, मग मुलं घाबरून गप्प बसायची. पाहुणे हसले. पेडणेकरांनी पाहुण्यांसारखा हात वर केला आणि त्या कधी परदेशी गेल्या होत्या का, असं विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "इथे यायचं होतं तिला. तुम्ही म्हणालात, एक खोली सामानातून मोकळी झाली की बोलावू."

पेडणेकरांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "पुढे सांग."

आणि वहिनी पुढे सांगू लागल्या.