रविवारचं गाणं आणि दादाचा चहा

एखादं नवं गाणं आवडलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी कानात घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो दुसरा कोण आहे, याचा मी फारसा विचार करत नाही. माधवगंजातल्या आमच्या भाजीवाल्याने भोपळा तोलता तोलता माझ्या फोनवर एका नव्या मुलीचं गाणं पूर्ण ऐकलेलं आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेचं काम करताना मीच सुचवलेलं गाणं लावलं होतं आणि मला तोंड उघडं ठेवून त्याबद्दल एक शब्द बोलता येत नव्हता, याचा त्रास मला दाढेपेक्षा जास्त झाला. सगळे भले लोक आहेत, कुणी तक्रार करत नाही. फक्त भाजीवाला हल्ली मी दिसले की पिशवी जरा लवकर भरतो.

दर शनिवारी सकाळी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक गाणं पाठवते आणि सोबत माझ्या आवाजात दोन मिनिटं बोलते. अट एकच. गाणं सिनेमातलं नको, मोठ्या कंपनीचं नको. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं, घरच्या खोलीत गादी भिंतीला टेकवून रेकॉर्ड करायचं आणि स्वतःच नेटवर टाकून द्यायचं, अशी जी पोरं-पोरी आहेत ती माझी. गाणं कसं ऐकायचं तेही मी सांगते. हे भांडी घासताना ऐका. हे ऐकताना गाडी चालवू नका. हे नवऱ्याशी भांडण झालेलं असेल तरच लावा, एरवी त्यात काही नाही.

माझे लाडके गायक बरेच आहेत. विदर्भातली एक मुलगी आहे, तिच्या एका गाण्याच्या मधोमध कुकरची शिट्टी वाजते आणि तिने ती काढलेली नाही. काढली असती तर मी तिला माफ केलं नसतं. कोल्हापूरकडचा एकजण थोडा नाकात गातो, पण शब्द असा टाकतो की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. इंदूरचे दोघे भाऊ आहेत, त्यांचं प्रत्येक नवं गाणं आधीच्यापेक्षा हळू असतं. एक दिवस ते बहुतेक थांबतील. अशांची शिफारस करताना मी हातचं राखून बोलत नाही. आवडलं तर आवडलं, नाही तर मी गाणंच पाठवत नाही.

ही सगळी गाणी मला मिळतात ती माझ्या भाचीकडून. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. सिटी सेंटरमधल्या एका ऑफिसात काम करते आणि दिवसभर कानात काहीतरी घालून बसते. तिने आठवडाभर माझ्याकडे नवी गाणी ढकलायची आणि त्यातलं एक मी निवडायचं, अशी आमची वाटणी आहे. श्रेय मी घेते. ती म्हणते, घे.

तिचे वडील, म्हणजे आमचा दादा, जुन्या गोरखी महालाच्या मागे राहतो आणि घरीच गाणं शिकवतो. जुन्या पद्धतीचं शिकवणं. वर्ष वर्ष एकच राग, आणि त्यातही शिष्याने घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. दर रविवारी सकाळी दादा आणि वहिनी आमच्याकडे येतात, येताना गरम बेढई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि भाजी आणतात. खाणं झालं की मी शनिवारचं गाणं लावते. भाची फोन आणि स्पीकर सांभाळते. गाणाऱ्याचं नाव गाणं संपल्यावरच सांगायचं असा दादाचा नियम आहे, कारण हिंदी मुलखातल्या आमच्या या शहरात नाव आधी सांगितलं की लोक गाणं ऐकत नाहीत, कुणाची कोण ते शोधत बसतात.

सुरुवातीला या बैठकांची फार मजा झाली. मी अगदी मन लावून निवडलेलं पहिलं गाणं संपलं, तरी दादा डोळे मिटून तसाच बसलेला. मला वाटलं, लागलं गाणं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "हां, आता सुरू होऊ दे."

"झालं ना, दादा."

"खतम? अजून तर बैठक पण नाही जमली."

तीन मिनिटांचं गाणं त्याला आलापाची तयारी वाटली होती. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक गाणं दोनदा लावायची पद्धत पडली. पहिल्यांदा दादा मांडी घालतो, दुसऱ्यांदा ऐकतो.

आता चहाचं सांगायला हवं. आमच्या माहेरी गाण्याला कुणी वाईट म्हणत नाही. वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. गाणं आवडलं नाही की ऐकणाऱ्याने मध्येच चहा मागायचा. आतून चहा येतो, कपबशा वाजतात, आणि गाणाऱ्याला समजायचं ते समजतं. आवडलं तरी वाहवा करायची नाही. गाणं पूर्ण झालं की शांतपणे विचारायचं, कोणाकडे शिकलाय? हा प्रश्न म्हणजे आमच्या घरचं मोठ्यात मोठं बक्षीस. मी स्वतः लहानपणी दादाबरोबर गाणं शिकले आणि माझ्या गाण्याला आमच्या घरात इतका चहा झाला की मी शेवटी ऐकणारी झाले. त्याचं मला काडीचं दुःख नाही. ऐकणाऱ्याला रियाज करावा लागत नाही.

माझ्या शिफारशींवर दादाने चिक्कार चहा प्यायला आहे. कोल्हापूरवाल्याला तर पहिल्या ओळीलाच मागितला. "कोणाकडे शिकलाय" हा प्रश्न त्याने माझ्या गाण्यांपैकी फक्त कुकरवालीसाठी विचारला, आणि ती कुणाकडेच शिकलेली नाही म्हटल्यावर आठवडाभर अस्वस्थ होता.

भाची दादाकडेच शिकत मोठी झाली. मग नोकरी लागली, पहिल्या पगारातून तिने गिटार आणली आणि एका संध्याकाळी घरातल्यांसमोर बसून स्वतः रचलेलं काहीतरी गायला लागली. दादाने दुसऱ्याच ओळीला वहिनीला म्हटलं, "जरा चहा टाक." एवढंच. रागावला नाही, काही नाही. भाची हसली, गिटार बाजूला ठेवली, माझ्या घरी आली आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खूप रडली. त्यानंतर ती बापासमोर कधी गायली नाही. दर रविवारी दुसऱ्यांची गाणी मात्र नेमाने लावत राहिली. मला दादाचा फार राग आला होता, पण आमच्याकडे चहा मागण्यावर भांडता येत नाही.

गेल्या थंडीत एका शनिवारी ती माझ्याकडे आली आणि आल्या आल्या तिने माझ्या कानात इयरफोन खुपसला. तिचंच गाणं होतं. दाट धुक्यात एका मुलीची स्कूटर सुरू होत नाही आणि सगळी गल्ली बाहेर येऊन तिला सल्ले देते, एवढीच गोष्ट. भाषा आमच्या घरातलीच, अर्धी मराठी आणि बोलता बोलता हिंदीत घसरणारी. पुण्याचे आमचे नातेवाईक ज्या मराठीला हसतात तीच. मी सल्ला देणाऱ्या आजोबांपर्यंत पोचले आणि हसता हसता मला डोळे पुसावे लागले. इतकं आमचं गाणं मी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

"शुक्रवारी निघतंय," ती म्हणाली. "सब सेट करून ठेवलंय. पण आत्या, सुन ना, उद्या हेच लाव. नाव नको सांगू."

"आणि दादाने चहा मागितला तर?"

"मग मी गाणं नेटवर टाकणारच नाही. काढून घेईन. बस."

मी तिला समजावलं, दटावलं, वेडी आहेस का असंही विचारलं. ती ऐकेना. जगाने नाही ऐकलं तरी चालेल, म्हणाली, पण बाबांनी एकदा शेवटपर्यंत ऐकायला पाहिजे. पोरगी हट्टात बापावर गेली आहे.

त्या शनिवारी मी ग्रुपवर काहीच पाठवलं नाही. दोघा-तिघांनी तब्येतीची चौकशी केली.

रविवारी धुकं इतकं होतं की समोरचं देऊळ दिसत नव्हतं. दादा मफलर गुंडाळून आला, बेढई खाल्ली, दोनदा भाजी घेतली. मी आत जाऊन आमच्या ह्यांना बजावलं की गाणं पूर्ण संपल्याशिवाय चहाचं भांडं घेऊन बाहेर यायचं नाही, काही झालं तरी. ह्यांना गाण्यातलं काही कळत नाही, पण चहा उत्तम करतात आणि सांगितलेलं ऐकतात. "संपलं की लगेच आणतो," म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

भाचीने गाणं लावलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, बाहेर बघत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दादाचा हात नेहमीसारखा मांडीवर ताल धरायला लागला आणि पहिल्याच ओळीला थांबला. त्याने ओळखलं. लहानपणापासून ज्या गळ्याला त्याने सा लावायला शिकवला, तो गळा त्याला कळणार नाही असं भाचीला कसं वाटलं कोण जाणे. मलाही वाटलं होतं, म्हणजे मीही तेवढीच शहाणी. दादा भिंतीकडे बघत होता. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे. मग सल्ला देणारे आजोबा आले, स्कूटर तिरकी करायला सांगणाऱ्या काकू आल्या, आणि दादाचा हात पुन्हा हलायला लागला. मी श्वास सोडला.

आणि तेवढ्यात ती जागा आली. गाण्यात एका ठिकाणी मुलगी किक मारते, स्कूटर जरा गुरगुरते आणि पूर्ण बंद पडते. गिटार थांबते, आवाज थांबतो, सगळं गप्प. भाचीने ती शांतता मुद्दाम लांब ठेवली होती. ह्यांनी आतून ऐकलं की गाणं बंद झालं, आणि सांगितल्याप्रमाणे ताबडतोब चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. कपबशा वाजल्या.

भाची वळली. ट्रे पाहिला, बापाकडे पाहिलं. मी काही बोलणार तोवर ती स्पीकरपाशी पोचली होती आणि फोन उचलून तिने गाणं बंद केलं. हे ट्रे धरून मध्येच उभे. "आवाज बंद झाला तो मला वाटलं झालं," ते म्हणाले, आणि यातलं काहीच कुणाला ऐकू गेलं नाही.

"चहा कोणी मागितला?" दादाने विचारलं.

हे एकदा ट्रेकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"परत न्या तो. गाणं संपलेलं नाही. ती अजून सा वर आलेली नाही." मग भाचीकडे न बघता म्हणाला, "पहिल्यापासून लाव."

भाचीच्या हातून दोनदा भलतंच गाणं लागलं. शेवटी मीच लावलं. हे ट्रेसकट आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात चोरासारखे उभे राहून ऐकू लागले. या वेळी स्कूटर बंद पडली तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. ती शांतता मला फार मोठी वाटली. मग गळा हळूच परत आला, स्कूटर सुरू झाली, सगळी गल्ली हुश्श करून आपापल्या घरी गेली, आणि गाणं सा वर येऊन थांबलं.

दादाने मफलर सोडला, घडी घातली, मांडीवर ठेवला. आणि मला विचारलं, मलाच, नेहमीच्या आवाजात:

"कोणाकडे शिकलीये?"

मी भाचीकडे बोट दाखवलं. ती स्पीकरपाशी ओढणीने नाक पुसत होती.

"तुमच्याकडेच, बाबा," ती म्हणाली.

"ते कळलं. दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी तोडलाय. तेवढं मी शिकवलेलं नाही." मग म्हणाला, "सकाळी येत जा. गिटार आणली तरी चालेल, पण सुरात लावून आण."

वहिनी उठली आणि पोरीला जवळ घेतलं. हे ट्रे घेऊन पुन्हा बाहेर आले तोवर चहा थंड झाला होता. तो आम्ही तसाच प्यायलो.

गाणं शुक्रवारी निघालं. शनिवारी मी पहाटेच उठून बसले. काय काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकलं होतं, आणि नाव शेवटी सांगायचा नियम मोडून या वेळी मी सुरुवातीलाच नाव, आडनाव, बापाचं नाव सगळं सांगणार होते. ग्रुप उघडला तर गाणं तिथे आधीच आलेलं. ज्या माणसाने त्या ग्रुपवर आजवर दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा दिल्या नव्हत्या, त्याने पाठवलेलं. खाली दादाने स्वतः टाईप केलं होतं:

"नवीन मुलगी आहे. शेवटपर्यंत ऐकावे. मध्ये थांबते, तेव्हा उठू नये. चहा नंतर."