पंखा बंद करा

"पंखा कोणी बंद केला?" मी दारातूनच ओरडले.

डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं दाटीवाटीनं बसली होती. मे महिना. सगळे घामानं निथळत होते. मधोमध चटईवर अप्पा, माझे वडील. सकाळी मी ड्यूटीवर निघाले तेव्हा त्यांनीच माझी स्कूटी बाहेर काढून दिली होती. दुपारी जेवले, जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत. काकांचा फोन आला तो "लगेच ये" एवढाच. रस्ताभर मी समजत होते, चक्करबिक्कर आली असेल.

मी सरळ जाऊन बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. माय उठली आणि तिनं तो बंद केला.

"नको लावू, पोरी. डोया सुकी जातीन."

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. अप्पांच्या डोक्याखाली उशी होती. मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस होता, देव्हाऱ्यातल्या वातींचा.

आता माझं काम सांगते. मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात असिस्टंट आहे. ती नोकरी. ड्यूटी संपल्यावर आणि रविवारी मी नेत्रदानाच्या एका ग्रुपची व्हॉलंटियर असते. माणूस गेला की काही तासांच्या आत त्याच्या डोळ्यांचे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा, काढून घ्यावे लागतात. टेक्निशियन पोचेपर्यंत ते सुकू नयेत म्हणून आम्ही घरच्यांना फोनवर सांगतो. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. हे मी झोपेतसुद्धा म्हणेन.

मायला हे काम मुळीच खपत नसे. "मढासन्या गोष्टी घरमा नको," ही तिची सक्त ताकीद. हॉस्पिटलच्या मॅडमही बजावायच्या, "काम घरी नेऊ नकोस, मोडून पडशील." म्हणून फोन आला की मी गॅलरीत जायची. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"तुले हाई कोणी सांगं?" मी मायला विचारलं.

"तूच सांगस ना समदासले फोनवर."

आमच्या ग्रुपच्या हितेशभाईंनाही तिनंच फोन लावायला लावला होता. स्वतःच्या घरच्यांशी नेत्रदानाचं आपण बोलायचं नाही, दुसऱ्यानं यायचं, असा आमचा नियम आहे. ते आले. माझ्यासमोर बसून हात जोडून म्हणाले, "बेन, आपके दुख में हम साथ हैं. आपकी इजाजत हो तो..."

ही माझीच वाक्यं. कितीतरी घरांत मी ती म्हटलेली. त्या दिवशी कुणी थोबाडीत मारावी तशी लागली. सकाळी स्कूटी काढून देणारा माणूस समोर निजलाय आणि याला इजाजत कसली हवी? मला हितेशभाईंचा भयंकर राग आला.

काका मध्ये पडले. "पुढला जन्मले भाऊ आंधया व्हई!" याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पण तोंडून निघालं भलतंच.

"राहू द्या, हितेशभाई. नको."

सगळ्यांत मोठा धक्का मलाच बसला होता. नाही म्हणणाऱ्या किती लोकांना मी मनातल्या मनात अडाणी ठरवलं होतं! हितेशभाई उठायला लागले. नाही म्हटल्यावर आग्रह करायचा नाही, हाही आमचाच नियम.

"बठा, भाऊ," माय त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू लोकसना दारले जाईसन मांगस ना? तुन्हा बाप म्हने, आपला दारले कोणी उनं ते त्याले रिकामं धाडानं नही."

अप्पा असं म्हणायचे? माझ्याशी या कामाबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नव्हते. रविवारीसुद्धा न सांगता स्कूटी तेवढी बाहेर काढून ठेवायचे.

फॉर्मवर मायनं सही केली. साक्षीदार म्हणून काकांनीही केली, माझ्याकडे न बघता. टेक्निशियन आला, दार लोटून त्यानं काम केलं आणि नमस्कार करून गेला. अप्पा होते तसेच दिसत होते. मग माय उठली, पंखा पूर्ण वेगात लावला, आणि तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

अप्पांचे डोळे कुणाला बसवले हे मी हॉस्पिटलात विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. नोकरीत शिकले नव्हते असं त्या दिवशी शिकले ते एवढंच, की तोंडपाठ वाक्यं दुसऱ्याच्या घरातच म्हणायला सोपी असतात. आता फोनवर मी आधी विचारते, "तुमच्याजवळ कोणी बसलंय का?" पंख्याचं त्यानंतर.

आणि फोन घ्यायला गॅलरीत जात नाही. स्वयंपाकघरातच घेते. परवा असाच एक फोन ठेवला, तर भाजी चिरता चिरता माय म्हणाली, "उशीनं सांगाले इसरनी तू."

मी पुन्हा फोन लावला.