आधी आजी जेवते

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर, अंगणवाडीला लागून असलेल्या घरात, फळीवर एक स्टीलचा डबा आहे. त्याच्या झाकणावर कोरलंय: ‘भागीबाई मंगळू भोये, प्रथम क्रमांक’. अंगणवाडीने मुलांच्या घरगुती आहाराची स्पर्धा भरवली होती, तिथे तो मिळाला. इतर बायकांनी रव्याचे लाडू, गाजराचा हलवा असं कुठून कुठून शिकून आणलं होतं. भागीबाईंनी घरात रोज होतं तेच ताटात मांडलं. नागलीची भाकर, भाजलेल्या उडदाचं कालवण, खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची चटणी आणि कुर्डूची पालेभाजी.

“यात नवीन काय, भागीबाई?” अंगणवाडी सेविका छायाताईंनी विचारलं.

“पोटं तरी कुठं नवीन आलीत, ताई?” भागीबाई म्हणाल्या. बायका हसल्या आणि डबा त्यांनाच मिळाला.

भागीबाईंचं वय साठीच्या आसपास असेल. नक्की त्यांनाही माहीत नाही. त्यांना सहा मुलं झाली, त्यातली चार जगली. नवरा मंगळू दहा वर्षांपूर्वी गेला. शाळा त्यांनी पाहिली ती बाहेरूनच, पण पाड्यावर पोर किरकिरं झालं, अंगाला लागेना, की आया त्याला घेऊन त्यांच्याच ओट्यावर येत. भागीबाई मुलाच्या दंडाला बोटांचा वेढा घालून बघत आणि काय शिजवायचं ते सांगत. पावसाळ्यातली पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय पाड्यावर कोणी खात नाही. ती भाजी खुडायला बायका भागीबाईंच्या मागून जात, कारण कुठल्या उतारावर काय उगवतं ते त्यांना पाठ होतं. त्यांचा एक नियम होता, तो त्या नव्या सुनांना सांगत. ज्या पाल्याला किडा भोकं पाडतो तो आपल्याला चालतो. ज्याला किडा तोंड लावत नाही, त्याला आपणही लावायचं नाही.

धाकटा मुलगा दत्तू, सून आशा आणि दोन नाती असं त्यांचं घर. थोरली नात तेजल पाच वर्षांची, धाकटी सृष्टी दोन वर्षांची. भात-नागलीची कामं आटोपली की पाड्यावरची निम्मी घरं कुलपं लावून निफाडच्या द्राक्षबागांना जातात. दत्तू आणि आशाही दरवर्षी जात. आई-बाप दिवसभर बागेत, मुलं बांधावर. सकाळी चहात बुडवलेला पाव, दुपारी वेफर्सची पाच रुपयांची पुडी, संध्याकाळी भात. चार महिन्यांनी परत आलेल्या मुलांना छायाताई वजनकाट्यावर ठेवत, तेव्हा तक्त्यावरची रेघ हटकून खाली गेलेली असे.

गेल्या वर्षी जून महिन्यात सृष्टीचं वजन सात किलो सहाशे भरलं. तक्त्यावर ते लाल पट्ट्यात होतं. छायाताईंनी आशाला बाजूला घेऊन सांगितलं, “हिला आता एकदा जरी जोरात जुलाब लागले ना, तर काही खरं नाही.”

भागीबाईंनी ऐकलं आणि त्या दिवसापासून सृष्टीचं खाणं स्वतःकडे घेतलं. सकाळी नागलीची आंबील, दुपारी उडीद-भात, दोन वेळा पालेभाजी, वरून खुरासणीचं कूट. ताटात तेल दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मुलींचं आटोपल्याशिवाय घरात कोणी जेवायला हात धुवायचा नाही. सप्टेंबर अखेर सृष्टी आठ किलो नऊशे झाली आणि पिवळ्या पट्ट्यात आली.

“अजून सहाशे ग्रॅम,” छायाताई म्हणाल्या. “साडेनऊ झाली की हिरव्यात. पण तुम्ही आता निघणार, म्हणजे पुन्हा सगळं...”

“यंदा मी जाते संगं,” भागीबाई म्हणाल्या.

दहा जणांचं कुटुंब असल्यासारखं सामान त्यांनी बांधलं. नागलीचं पीठ, उडीद, खुरासणी, लोखंडी तवा. दत्तू वैतागला. “आई, बागेत काम करायला चाललोय का हाटेल टाकायला?”

बागायतदार निवृत्तीभाऊ यांची बाग निफाडपासून सात किलोमीटरवर आहे. मजुरांना त्यांनी पत्र्याची खोली दिली होती, पाणी विहिरीचं. वाईट माणूस नव्हे. मागच्या दिवाळीला मुलींना फ्रॉक आणले होते. भागीबाई पहिल्याच दिवशी बागेत फिरून आल्या आणि आशाला म्हणाल्या, “इथं तर रान आपल्यापेक्षा बरं हाय.” द्राक्षाच्या ओळींत, ठिबकच्या नळ्यांच्या ओलीवर तांदुळजा माजला होता. घोळ होती, पाथरी होती. डोंगरात पाऊस संपला की पालेभाजी संपते. इथे ती बारा महिने, आणि मागायची गरज नाही.

निवृत्तीभाऊंनी त्यांना ओटीत पाला भरताना पाहिलं. “मावशी, आमची निंदणी फुकटात करता की काय?”

“तुमचं तण, आमची भाजी. तुम्ही खा विकतची मेथी.”

“खातो बुवा,” ते हसून म्हणाले. “दोन ओळी अजून घ्या. गडी लावायचा वाचला.”

तीन आठवडे असेच गेले. छाटणी झाली, काड्यांवर डोळे फुटू लागले. सृष्टी आता बांधावर तेजलमागे पळायला लागली होती. भागीबाई रोज तिच्या दंडाला बोटांचा वेढा घालत. जूनमध्ये अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर चढत होतं. आता टोकाला टोक लागत होतं.

एका गुरुवारी संध्याकाळी निवृत्तीभाऊंनी दत्तूला सांगितलं, “उद्या ठिबकमधून औषध सोडायचंय. आठ-दहा दिवस शेळ्या-करडं बागेत शिरू देऊ नका.”

“आपल्याकडं कुठं शेळी हाय, भाऊ?”

“तुझ्याकडं नसंल, त्या पलीकडच्या टोळीकडं हाय. त्यांनाही सांग.”

दत्तूने पलीकडच्या टोळीला सांगितलं. घरी सांगितलं नाही. घरी शेळी नव्हती.

शनिवार सोडून रविवारी सकाळी भागीबाई भाजी आणायला गेल्या. गार पडू लागलं होतं. त्यांनी कोवळे शेंडे खुडले, पातेलंभर होतील इतके, आणि दारात आशा निवडायला बसली. कामाला निघायची तिला घाई होती.

“आई, आज किडं नाय की भोकं नाय. निवडायला टायमच लागला नाय.”

भागीबाईंनी एक पान हातात घेऊन उजेडात धरलं. पान अख्खं होतं, तुकतुकीत.

“थंडी पडली ना,” त्या म्हणाल्या. “किडं मरत्यात थंडीनं.”

त्यांनी पाला तीन पाण्यांतून काढला. लसूण, मिरची, वरून खुरासणीचं कूट. दत्तू आणि आशा भाकर-चटणी बांधून बागेच्या दुसऱ्या टोकाला गेले. पातेलंभर पाला शिजून दीड वाटी होतो. ती भाजी मुलींची. सृष्टीने एक वाटी संपवली आणि हात पुढे केला. तेजलला भाजी नको होती. तिने चार घास खाल्ले, उरलेली तिच्या वाटीतली भाजीही सृष्टीला दिली. भागीबाईंना काही उरलं नाही, त्यांनी चटणीशी भाकर खाल्ली.

तासाभरात सृष्टीच्या तोंडातून लाळ गळू लागली. कपाळाला घाम आला. मग उलटी, मग जुलाब, मग मान टाकली. तेजल पोट धरून भिंतीशी बसली. भागीबाई सृष्टीला कडेवर घेऊन ओळींमधून पळत सुटल्या, पाठीमागून तेजल उलट्या करत. निवृत्तीभाऊंनी पिकअप काढली. गावातल्या डॉक्टरने सृष्टीच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तो म्हणाला, इथे थांबू नका. दुपारी एकला ते नाशिकच्या सरकारी रुग्णालयात पोचले.

इंजेक्शनाचं प्रमाण ठरवण्यासाठी सिस्टरने सृष्टीला काट्यावर ठेवलं. नऊ किलो चारशे.

डॉक्टर तरुण बाई होती. “सकाळपासून काय काय खाल्लं तिने? काहीही सोडू नका.”

भागीबाईंनी काही सोडलं नाही. आंबील किती, तिच्यात ताक किती, भाकरीचे घास किती, खुरासणी भाजली होती की कच्ची. स्पर्धेत सांगितलं होतं त्याच क्रमाने सांगितलं.

“आणि भाजी कुठली?”

“तांदुळजा. बागेतला.”

डॉक्टरने निवृत्तीभाऊंकडे पाहिलं. “बागेत काय मारलंय?”

“मारलं नाही, ठिबकमधून सोडलंय. शुक्रवारी.” मग त्यांना कळलं काय विचारलं जातंय ते. “पण ते तण आहे, डॉक्टर. ते कोण खातं?”

“मी तीन पाण्यानं धुतला,” भागीबाई म्हणाल्या.

“मुळातून पाल्यात चढतं ते, आजी. धुऊन जात नाही.”

तेजलला पाच दिवस ठेवून घेतलं. सृष्टी त्याच दिवशी चारच्या सुमाराला गेली. पोलिसांनी जबाब घेतले आणि अकस्मात मृत्यूची नोंद केली. निवृत्तीभाऊंनी दत्तूला एकदाच विचारलं, “मी सांगितलं होतं ना तुला?” दत्तू म्हणाला, “शेळीचं सांगितलं होतं, भाऊ.” कुटुंब हंगाम अर्धा सोडून पाड्यावर परतलं.

पाड्यावर कोणी भागीबाईंना तोंडावर काही बोललं नाही. ओट्यावर मुलं घेऊन येणं मात्र थांबलं. आशाने चूल आपल्याकडे घेतली. तेजलसाठी ती अंगणवाडीतली पाकिटं आणी, त्यातलं पीठ शिजवी. तेजल ते तोंडात धरून बसे आणि मागच्या दाराला जाऊन थुंके. पाऊस पडला, पहिली भाजी खुडायची वेळ आली. बायका भागीबाईंच्या घरासमोर थोडा वेळ थांबल्या. त्या बाहेर आल्या नाहीत, तेव्हा दुसरीच कोणीतरी पुढे झाली. तसाही जुन्या उतारांवर आता भरवसा राहिलेला नाही. खालच्या वावरात स्ट्रॉबेरी आलीय आणि तिच्याबरोबर पाठीवरचे फवारणीचे पंप.

जुलैत छायाताईंनी तेजलचं वजन केलं. ती पिवळ्या पट्ट्यात उतरली होती. घरी राहून थोरलीचं वजन पहिल्यांदाच घसरलं होतं. छायाताईंनी तक्ता आशासमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आशा लावणीला निघताना दारात थांबली आणि सासूकडे न बघता म्हणाली, “आई, तिचं तुम्हीच करा. पण...”

भागीबाईंनी मान हलवली.

तेव्हापासून भोयांच्या घरात हे रोज चालतं. भागीबाई दहा वाजता स्वयंपाक करतात. भाकर, उडीद, आणि भाजी खुडली असेल तर भाजी. पान उजेडात धरून बघतात, भोकं असली तरी बघतात. मग ताट वाढून घेतात, एकच, आणि स्वतः जेवतात. पोरांआधी कधी घास न घेतलेली बाई प्रत्येक पदार्थ पोटभर खाते, मुलीला जितका लागेल तितका किंवा जास्त. मग भिंतीला टेकून बसते. दाराच्या मेढीची, त्या लाकडी खांबाची सावली उंबऱ्यापर्यंत यायला तास-दीड तास लागतो, तोवर. तेजल समोर पाटावर रिकामं ताट घेऊन बसलेली असते. आधी ती रडायची, ताट आपटायची. आता तिला सवय झालीय.

“आली का सावली?” ती विचारते.

“यायचीय.”

“भूक लागलीय, आजी.”

“बस.”

परवा सावली उंबऱ्याला टेकली तरी भागीबाई उठल्या नाहीत. त्यांचा डोळा लागला होता. तेजलने पाटावरून सरकत जाऊन त्यांच्या तोंडाशी हात धरला, श्वास लागतोय का बघितलं, आणि त्यांना हलवलं.

“आजी, मेली नाय ना तू? मग वाढ.”

भागीबाई उठल्या. भाजी गार झाली होती, त्यांनी ती पुन्हा चुलीवर ठेवली.